'मानापमान' : मुखवटा कुणाचा?

तलवारबहाद्दर, मुखवटाधारी झोरो १९१९ मध्ये कथेत अवतरला. त्याचे संगीत नाटक लंडनच्या वेस्ट एंडला २००८ मध्ये आले. आपला धैर्यधर त्याच्याहून आठ वर्षांनी वडील. खाडिलकरांचे 'संगीत मानापमान' किर्लोस्कर मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले. पण धैर्यधर तोंड लपवीत नाही. वेष पालटते ती धनवान भामिनी, वनमाला होऊन. आणि भामिनी कोण, तर बालगंधर्व! म्हणजे वेषावर वेष.

८ जुलै १९२१ च्या 'संयुक्त मानापमान'चे गोडवे सगळेच गातात. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी, उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. हेतू थोरच. तरी श्रीमंतीचा तोरा उतरविणारे नाटक चढ्या दराच्या तिकिटांवर पाहिले गेले, हे आम्हाला खटकते. त्या रात्री तलवार मागे पडली, गळ्यांचा सामना उरला. तीन महिन्यांत केशवराव गेले.

आमचे खरे गाऱ्हाणे वेगळेच आहे. गोविंदराव टेंबे यांच्या चालींत पूरबची ठुमरी आहे. पुढे गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आले. समीक्षक त्यांना 'साथीदार' म्हणून एका ओळीत उरकतात. नागपुरात उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवताना आम्ही या नाटकाची सुरुवात ठेक्यापासून करतो, कथानकापासून नव्हे. मग ते परके वाटत नाही.

२०२५ मध्ये सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट काढला. तलवार पुन्हा चमकली.