राजमान्य आकृतिकार

आज 'रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री' ह्या नावाने ओळखली जाणारी पदवी इंग्लंडातील 'रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स' ह्या संस्थेने १९३६ साली सुरू केली. चित्रकार-शिल्पकारांना मान देण्याची रीत जुनी. परंतु चहाचा पेला, आगगाडीतील बैठकीचे कापड किंवा छापखान्यातील टाईप ज्याच्या बुद्धीतून निघाला, त्याचे नाव कारखानदाराच्या नावाखाली बुडून जाई. ते वर काढावे, हा हेतू.

पत्राच्या मायन्यात वाटेल त्यास 'राजमान्य राजश्री' करून टाकणाऱ्या समाजात वाढल्यामुळे पदव्यांविषयी आम्ही मुळातच साशंक. परंतु येथे हयात मानकऱ्यांची संख्या दोनशेंपुढे जाऊ द्यावयाची नाही असा दंडक आहे, आणि एखाद्या सुबक वस्तूपेक्षा दीर्घकाळच्या कर्तृत्वाकडे पाहिले जाते. हे आम्हांस पटते.

केनेथ ग्रेंज ह्यांना ही पदवी १९६९ साली मिळाली. पुढे ब्रिटिश रेल्वेने आपल्या नव्या वेगवान गाडीवर रंगाचे पट्टे कसे असावेत, एवढेच त्यांस विचारले. ह्या गृहस्थांनी नमुने वाऱ्याच्या बोगद्यात तपासून इंजिनाचे नाकच पालटले! १९७६ साली धावू लागलेल्या त्या गाडीची ओळख म्हणजे तेच निमुळते नाक होय. रंगाऱ्याचे काम सांगितले असता घाटाचा विचार करणारा, तो आकृतिकार. अशांचा गौरव झालाच पाहिजे.

आमचे भांडण निराळ्याच ठिकाणी आहे. सूझी कूपर ह्या कुंभकलावतीस १९४० साली ही पदवी मिळाली. बर्सलेम येथील त्यांच्या कारखान्यात पेल्या-बश्यांवर कुंचला फिरविणाऱ्या मुली अनेक होत्या. रेषेतील जो डौल आपण कूपरबाईंचा म्हणून वाखाणतो, त्यात त्या मुलींच्या मनगटाचा वाटा किती? पदवी एकीच्याच नावे लागते. चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याची मनापासून स्तुती केली, आणि तो कोणा एकाची निर्मिती नसून पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी घडला असे म्हटले. लोट्याला ही पदवी द्यावयाची झाल्यास ती कोणाच्या हाती ठेवावी?

पदवी बंद करावी असे आम्ही म्हणत नाही. मानपत्रात मुख्य नावाखाली कार्यशाळेतील माणसांची नावे छापावीत, एवढीच आमची सूचना आहे. कागद थोडा अधिक लागेल.