मअर्रीचा मांसत्याग : दया आणि अहंता

अरबी कवी अबुल अला अल-मअर्री (९७३-१०५७) याची ओळख उर्दूच्या वर्गात बहुधा इक्बाल यांच्या एका कवितेपुरतीच राहते. ‘बाल-ए-जिब्रील’ (१९३५) मधील या कवितेत मांस वर्ज्य मानणाऱ्या मअर्रीकडे एक मित्र भाजलेला तितर पाठवतो. मअर्री त्या पक्ष्याला त्याचा गुन्हा विचारतो आणि शेवटी त्यालाच सुनावतो : तू शाहीन झाला नाहीस, दुबळेपणाची शिक्षा मृत्यूच.

अरबी परंपरेतील आख्यायिका वेगळी आहे. आजारी मअर्रीला वैद्याने कोंबडी खाण्यास सांगितले, तेव्हा तो तिला उद्देशून म्हणाला की, तू दुबळी म्हणून तुझे नाव सुचले. सिंहाचा छावा कोणाला का सुचला नाही? येथे दोष माणसाचा आहे. इक्बाल यांनी तो पक्ष्याच्या माथी ठेवला. गुलामीत पिचलेल्या समाजाला जागे करण्यासाठी हा बदल परिणामकारक ठरतो. परंतु त्यात मअर्रीची करुणा हरवते, हेही मान्य केले पाहिजे.

म्हणून मअर्री निर्दोष ठरतो असे नाही. बालपणी देवीच्या रोगाने दृष्टी गेलेला हा कवी बगदादहून परतल्यावर सीरियातील आपल्या गावी घरातच राहिला. मांसाबरोबर दूध, अंडी आणि मधही त्याने सोडले. दूध पिलांसाठी असते आणि मध मधमाश्यांच्या कष्टाचा असतो, हा त्याचा युक्तिवाद आजच्या प्राणिहक्कवाद्यांनाही जवळचा वाटेल. मात्र हीच कविता श्रोत्याला बुद्धीने व दीनने आजारी ठरवून सुरू होते आणि सत्य ऐकण्यासाठी आपल्याकडे बोलावते. या ठिकाणी दयेला सोवळ्याचा वास येऊ लागतो.

फातिमी दाई अल-मुअय्यद शिराझी यांनी नेमके हेच हेरले. आपण तो आजारी असून उपचारासाठी आलो आहोत, असे त्यांनी मअर्रीला लिहिले. निर्मात्यापेक्षा अधिक दयाळू होण्याचा दावा माणसाने करावा काय, हा त्यांचा प्रश्न आध्यात्मिक अहंतेच्या मुळाशी जातो. मार्गोलियथ यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पत्रव्यवहारात मअर्रीचा सूर बदललेला दिसतो. प्राण्यांच्या वेदनेचा मुद्दा तो सोडत नाही. पण स्वतःला लहान म्हणवतो आणि वर्षाला वीस-बावीस दीनारांची प्राप्ती, त्यातही नोकराचा वाटा, हेही कारण सांगतो. दाईंनी देऊ केलेली मदत मात्र तो नाकारतो.

काही अभ्यासकांना यात केवळ बचाव दिसतो. भीतीचा अंश असेलही. तथापि स्वतःचे व्रत इतरांच्या दीनचे मोजमाप करण्यासाठी न वापरणे, ही गोष्ट कवितेत नाही आणि पत्रात आहे. मांस सोडणाऱ्याला सोडल्याचा गर्व होतो, खाणाऱ्याला बळाचा. इक्बाल यांची कविता शिकवताना ही पत्रेही समोर ठेवली, तर विद्यार्थ्याला दोन्ही गर्व ओळखता येतील. ताटात काय आहे यावरून माणसाची पारख होऊ लागलेल्या आजच्या काळात एवढे शिक्षणही मोलाचे आहे.