नेम धरायला कोणी शिकवलं?

नोएडात आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर दर रविवारी सकाळी धनुर्विद्येचा वर्ग भरतो. अकरा वर्षांच्या माझ्या लेकीने हट्टाने नाव घातलं आणि सोबत म्हणून मीही जाऊ लागलो. पहिले तीन आठवडे तिच्या हातात बाण आलाच नाही. उभं कसं राहायचं, खांदा कसा पाडायचा, रबरी पट्टा ओढून हनुवटीपर्यंत कसा आणायचा, एवढंच चाललं होतं. दोन नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगितले गेले. बाण लावलेला नसताना ओढलेली प्रत्यंचा सोडायची नाही, धनुष्य मोडतं. आणि सगळ्यांचे बाण संपून शिटी वाजेपर्यंत रेषा ओलांडायची नाही. शिटी वाजली की मुलं आणि पालक मिळून चालत लक्ष्यापर्यंत जातात, बाण उपसतात आणि परत येतात. तासाभरातला निम्मा वेळ या चालण्यातच जातो.

एका रविवारी परत येताना तिने विचारलं, "बाबा, पणजोबा खऱ्या प्राण्यांना मारायचे ना? मग त्यांना हे कोणी शिकवलं?"

माझे आजोबा भंडारा जिल्ह्यात शिकार करत. ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधीचे दिवस. कोणी शिकवलं, ते मला माहीत नव्हतं. उत्तर शोधायला मी माझ्या सवयीप्रमाणे पुस्तकांकडे गेलो. तिथे जे दिसलं त्याबद्दल हे टिपण आहे.

पहिलं पुस्तक अर्थातच जिम कॉर्बेटचं 'जंगल लोअर'. आमच्या भागातली कुटुंबं सुट्टी लागली की गाडी काढून रामनगरला जातात. कॉर्बेट हे नाव इथे रिसॉर्टच्या पाट्यांवर जास्त आणि पुस्तकांवर कमी दिसतं. नरभक्षकांच्या कथा पुष्कळांनी वाचलेल्या असतात. 1953 चं हे पुस्तक त्या मानाने मागे राहिलं आहे. त्यात वाघ कमी आणि बालपण जास्त आहे, हे त्याचं एक कारण असावं. वडील लवकर गेलेले, आई, मोठं भावंडांचं घर, उन्हाळ्यात नैनीताल आणि हिवाळ्यात काळाढुंगी. आजारातून उठलेल्या जिमच्या हातात थोरला भाऊ टॉम गलोल देतो. पुढे मातीच्या गोळ्या मारायचं धनुष्य येतं, आणि मग एक नळी फुटलेली जुनी ठासणीची बंदूक. प्रत्येक हत्याराबरोबर मुलाला घरापासून थोडं आणखी दूर जायची मुभा मिळते. पुस्तकाची रचना खरं तर एवढीच आहे, आणि ती मला फार नेमकी वाटते.

त्यातला अस्वलाच्या शिकारीचा प्रसंग मी लेकीला वाचून दाखवला. टॉम लहानग्या जिमला बंदुकीसह दरीच्या काठावर एकटा बसवतो आणि स्वतः पुढे निघून जातो. मुलगा भीतीने गोठून जातो. आजच्या पालकाला हे क्रूर वाटेल, मलाही वाटलं. पण लेखकाने वर्षानुवर्षं जपलेली आठवण कोणती, ते पाहिलं पाहिजे. शिकारीपेक्षा ते बसणंच त्याने बारकाईने लिहिलं आहे. कॉर्बेटच्या गद्याचं बळ याच बसण्यात आहे. कोणता आवाज कुठून आला, कोणत्या पक्ष्याने इशारा दिला, माग किती जुना आहे, हे तो वाचकालाही थांबायला लावून सांगतो. 1947 साली बहीण मॅगीबरोबर तो भारत सोडून केनियाला गेला. म्हणजे हे पुस्तक सुटलेल्या घराचंही आहे, आणि म्हणून त्यातली मुलं इतकी जिवंत आहेत.

मात्र कॉर्बेट वाचताना एक गोष्ट खटकत राहते. त्याच्या 'माय इंडिया' या 1952 च्या पुस्तकात कुंवरसिंग नावाचा माणूस आहे. जिमच्या हाती बंदूक आल्यावर तो त्याला सांगतो, जंगलात कुठेही जा, पण आधी झाडावर चढायला शीक. यापेक्षा चांगला पहिला धडा कुठला असेल? या गुरूला कॉर्बेट मोठ्या प्रेमाने काळाढुंगीतला सर्वांत यशस्वी चोरटा शिकारी म्हणतो. विद्या तीच, जंगलही तेच. शिष्याच्या नावाने पुढे राष्ट्रीय उद्यान झालं आणि गुरूच्या नावामागे 'चोरटा' हे विशेषण राहिलं. कॉर्बेटचं प्रेम खरं आहे, पण ते विशेषण त्याच्या लेखणीला बोचत नाही.

मराठीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण आपल्याकडे फासेपारधी आहेत. फास लावणं हे ज्यांच्या नावातच आहे, त्यांच्या घरात मुलाला तितराचा आवाज काढायला शिकवणं म्हणजे पोट भरायला शिकवणं होतं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 साली गेला, शिक्का मात्र गेला नाही. राजाने मुलाला मचाणावर नेलं तर त्याला संस्कार म्हणायचं, साहेबाने नेलं तर साहस, आणि पारध्याने नेलं तर गुन्हा. शिकारीतून जुळणाऱ्या कुटुंबाबद्दल लिहायचं तर ही तिन्ही कुटुंबं एका पानावर आणावी लागतील. आपल्या अरण्यलेखनात तसं पान मला सापडलेलं नाही.

याचा अर्थ ते लेखन थिटं आहे असा नाही. व्यंकटेश माडगूळकर आधी शिकारी होते, मग निरीक्षक झाले. बंदुकीच्या जागी वही आणि रेखाटनं आली. पण 'नागझिरा' मधला माणूस घर मागे ठेवून रानात जातो. रान त्याच्यासाठी घरापासूनची सुटका आहे. आणि 'सत्तांतर' मध्ये कुटुंब येतं ते वानरांचं. नवा नर टोळीचा ताबा घेतो तेव्हा आधी पिल्लांवर गदा येते, हे माडगूळकर जराही गळा न काढता लिहितात. 1983 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही छोटी कादंबरी मी याआधी सत्तेचं रूपक म्हणूनच वाचत होतो. या वेळी मला त्यातल्या आया दिसल्या. मराठीतल्या रानातल्या कुटुंबाची सर्वांत चांगली गोष्ट वानरांची असावी, याचं हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण' या बाबतीत वेगळं आहे. तिथे रान घरातूनच सुरू होतं. आई आणि लिंबामामा यांच्याकडून मुलाला रानवाटा कळू लागतात. वनखात्यातली छत्तीस वर्षं आणि कोश पुढे येतात, पण आधी घरातल्या माणसांची बोली येते. चितमपल्लींनी मराठीला 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द दिले, त्यामागे ऐकण्याची ही जुनी सवय आहे. माझी तक्रार एवढीच की लेखक मोठा होतो तसं रान अधिकाधिक एकट्याचं होत जातं. ज्ञान घेताना त्याच्याभोवती माणसं होती, ज्ञान जमा झाल्यावर मात्र तो तपस्वी होतो. आपण वाचकांनीही 'अरण्यऋषी' म्हणून त्या एकटेपणाला मखरात बसवलं. ऋषीकडून दर्शन घेता येतं. मामाबरोबर मात्र चालता येतं, चुकता येतं आणि त्याला उलट प्रश्नही विचारता येतो.

आमच्याच जिल्ह्यात, ग्रेटर नोएडाच्या पुढे दनकौर आहे. तिथे द्रोणाचार्यांचं मंदिर आहे, आणि एकलव्याने द्रोणांची मूर्ती इथेच घडवली असं लोक सांगतात. लेकीला तिथे नेलं तेव्हा तिने गोष्ट ऐकली आणि विचारलं, "त्याचे आईबाबा कुठे होते?" महाभारत एकलव्याच्या पित्याचं नाव सांगतं, हिरण्यधनू, निषादांचा राजा. पण अंगठा कापला जातो त्या प्रसंगात तो कुठेच नाही. आपल्या दलित आणि आदिवासी कवितेने एकलव्याला पुन्हा पुन्हा हाक मारली, ती रास्त होती. पण त्या हाकेतही बहुधा गुरू आणि शिष्य एवढेच असतात. निषादाच्या घरात मुलाला पहिलं धनुष्य कोणी दिलं असेल, हा प्रश्न माझ्या लेकीचा आहे. समीक्षक म्हणून इतकी वर्षं तो मला पडला नव्हता.

2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला सातारा जिल्ह्यातली सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली, त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळेही. अदितीचे वडील शिक्षक, आणि मुलीच्या खेळासाठी कुटुंबाने गाव सोडून साताऱ्याला बिऱ्हाड हलवलं. या बातम्यांत मला हरवलेलं पान दिसतं. इथे मारणं उरलेलं नाही. नेम, श्वास आणि वाट पाहणं तेवढं उरलं आहे, आणि मुलांसाठी घर उचलून नेणारी माणसं उरली आहेत. यावर पदकांची यादी देणारी पुस्तकं निघतील. मला त्या बिऱ्हाडाबद्दल वाचायचं आहे.

दनकौरहून परतताना आम्ही धनौरीच्या पाणथळीवर थांबलो. तिथे सारसाची जोडी होती. वाल्मीकींचा क्रौंच म्हणजे सारसच, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या परंपरेत कविता सुरू होते तीच व्याधाच्या बाणाने, आणि त्या व्याधाच्या घरी कोण वाट पाहत होतं ते कोणी सांगितलेलं नाही. हे मी लेकीला सांगू लागलो, पण तिचं लक्ष नव्हतं. डोळे बारीक करून ती म्हणाली, "सत्तर मीटर असेल." ऑलिंपिकमध्ये लक्ष्य तितकंच लांब असतं, हे ती वर्गात शिकली होती. मग ती बराच वेळ काही न बोलता बसून राहिली. इतका वेळ एका पक्ष्याकडे पाहताना मी तिला याआधी पाहिलं नव्हतं.

रात्री वडिलांना फोन केला आणि तिचा पहिला प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले, "आमच्या आजीच्या माहेरचा एक गोंड गडी होता, त्याने शिकवलं. त्याचं नाव घरात कोणालाच आठवत नाही रे." आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी आमच्या घरात अजून सांगितल्या जातात, तारखांसकट. लेकीला उद्या हे उत्तर द्यायचं आहे. त्यात त्या माणसाचं नाव नसेल, हेही तिला सांगावं लागेल.