फेकलेलं पातं लढाईत किती कामाचं? एका दाव्याची तपासणी

पेटची तयारी करताना आपण गृहीतक, चल, वैधता, विश्वसनीयता हे शब्द पाठ करतो. ते वापरायचे कुठे, हे मात्र उमगत नाही. म्हणून यावेळी एक दावा घेऊन तो तपासू या. दावा असा: ‘फेकून मारायची पाती ही प्रत्यक्ष लढाईत अत्यंत प्रभावी शस्त्रं होती.’ सिनेमात हे दिसतं, मोबाईलवरच्या व्हिडिओत दिसतं, आणि शिवकालीन शस्त्रांवर सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिल्याच पानावर उतरतं.

पहिली खोट ‘प्रभावी’ या शब्दात आहे. प्रभावी म्हणजे काय? नेम लागणं, जखम होणं, शत्रू थांबणं की फेकणारा जिवंत परत येणं? हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि चारही वेगळ्या पद्धतीने मोजावे लागतात. व्याख्या नसेल तर दावा खोटा ठरवताच येत नाही. जो खोटा ठरू शकत नाही त्यावर संशोधनही होत नाही.

दुसरी खोट पुराव्याची. आपल्या जिल्ह्यातही शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठीकाठी आणि दांडपट्टा बघायला गर्दी होते. दांडपट्ट्याने लिंबू अचूक कापणाऱ्याचं कसब खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लिंबू हलत नाही, उलटा वार करत नाही, ढाल पुढे करत नाही. लाकडी फळीवर रुतलेल्या सुरीचंही तेच. अंतर ठरलेलं, फळी स्थिर, आणि चुकलेले नेम व्हिडिओतून कापलेले. असं प्रात्यक्षिक ‘हे शक्य आहे’ एवढंच सांगतं. ‘लढाईत हे कामाचं आहे’ हे त्यातून निघत नाही. वैधतेचा प्रश्न म्हणतात तो हाच: मोजलं एक, निष्कर्ष काढला दुसऱ्याचा.

आता थोडं गणित. समजा २५० ग्रॅमची सुरी सेकंदाला १२ मीटर वेगाने फेकली आणि हवेत तिची एक पूर्ण फेरी ४ मीटरमध्ये होते. ४ मीटरवरच्या फळीत ती टोकाने रुतेल. फळीच्या जागी सेकंदाला ३ मीटर वेगाने अंगावर येणारा माणूस ठेवा. आता दोघांमधलं अंतर सेकंदाला १५ मीटरने कमी होतंय. सुरी त्याला ३.२ मीटरवरच गाठते, म्हणजे फेरीचा पाचवा भाग अजून बाकी आहे. टोक ७२ अंशांनी चुकलं. पात्याची बाजू नाहीतर मूठ लागेल. न फिरवता फेकायचीही पद्धत आहे. तिने कोनाची अडचण कमी होते, पण नेम चुकला तर हात रिकामा, ही अडचण तशीच राहते.

पण उलट बाजूचाही एक दावा चालतो, तोही तपासला पाहिजे. ‘फेकलेल्या सुरीत जोरच नसतो’ असं काही जण ठासून सांगतात. वरच्या सुरीची गतिज ऊर्जा १८ जूल येते. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या चाकूरोधक जॅकेटची चाचणी सर्वात खालच्या पातळीला २४ जूलवर होते. म्हणजे १८ जूल हा आकडा अगदीच फालतू नाही, उघड्या अंगावर तो धोकादायकच आहे. तेव्हा अडचण जोराची कमी आणि खात्रीची जास्त. टोक लागेल याची खात्री नाही, आणि हातातल्या कट्यारीसारखं टोक लागल्यावर मागून दाबताही येत नाही.

माणसांवर हा प्रयोग करता येत नाही, करूही नये. मग पुरावा कुठून आणायचा? माझ्या मते शस्त्राच्या रचनेतून. बनवणाऱ्याला कोणती अडचण माहीत होती, हे रचना सांगते. भाल्याला लांब दांडा आणि पुढे वजन, म्हणजे तो हवेत गरगरत नाही, टोकानेच जातो. शीख योद्ध्यांच्या चक्राला बाहेरून सगळीकडे धार, म्हणजे कोणत्याही कोनात लागलं तरी धारच लागते. आणि एक नव्हे, अनेक चक्रं पगडीवर घालायची, म्हणजे काही वाया जाणार हे गृहीतच धरलेलं.

आपल्या मराठ्यांचा विटा तर याहून बोलका. हा दोरी बांधलेला भाला. दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. ती दोरी म्हणजे फेकलेलं शस्त्र हातून जातं याची बनवणाऱ्याने दिलेली कबुलीच आहे. दोरीमुळे पल्ला घटला, तरी त्याला तो सौदा परवडला.

आता प्रतापगडाकडे बघा. १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या भेटीत जी शस्त्रं आपण लहानपणापासून ऐकतो, ती वाघनखं, बिचवा, तलवार, सगळी हातात धरायची. रोमन सैनिक पायलम नावाचा भाला फेकत, पण रांगेने, समोरच्या गर्दीवर, आणि लगेच तलवार उपसत. तिथे एकेकाच्या नेमाला महत्त्व नव्हतं. समोरची फळी विस्कटली की काम झालं.

चित्रं पुरावा म्हणून देणाऱ्यांसाठी एक इशारा. आपलं वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. त्याच शाखेच्या हरिषेणाच्या काळातल्या अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात सिंहलाच्या स्वारीचं चित्र आहे. त्यात हत्ती, घोडे, भाले दिसतात. यावरून चित्रकाराला भाला ठाऊक होता एवढं नक्की. दहा फेकींपैकी किती लागल्या, हे चित्र सांगू शकत नाही.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं? ‘अत्यंत प्रभावी’ खोडा आणि असं लिहा: ‘फेकायची पाती लढाईच्या सुरुवातीला, अनेकांनी मिळून, किंवा परत मिळवण्याची सोय असेल तेव्हा उपयोगी होती. एकट्या लढवय्याचं मुख्य शस्त्र म्हणून ती भरवशाची नव्हती.’ हे वाक्य कमी रुबाबदार आहे. पण यातला प्रत्येक तुकडा तपासता येतो आणि चुकीचाही ठरू शकतो. विट्याच्या दोरीची लांबी मोजा, वजन करा, हलत्या लक्ष्यावर शंभर फेकी मोजा आणि चुकलेल्या फेकीही वहीत लिहा.

काही जणांना वाटतं, असं तपासलं की इतिहासाचा मान कमी होतो. मला उलट वाटतं. ‘आपली शस्त्रं जगात भारी’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ती दोरी का बांधली, हे विचारणं म्हणजे त्या अनाम कारागिराच्या डोक्याची किंमत करणं. मुलाखतीत समोरचे विचारतील, ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ अभिमान हे त्याचं उत्तर नाही. मोजलेली दोरी आहे.