‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ : एक उलटतपासणी

मित्रहो, विषय ठेवलाय इस्रायल-पॅलेस्टाईनमधल्या शांततेचा, आणि मी हातात पुस्तक घेऊन आलोय सुरेश खोपडे यांचं, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’. कारण असं, की कुठेही शांततेची गोष्ट निघाली की आपण भिवंडीकर हे पुस्तक पुराव्यासारखं पुढे करतो. आम्ही करून दाखवलं, तिकडेही होईल! तर आधी नक्की काय करून दाखवलं, ते बघू या.

घटना तुम्हाला पाठ आहेत. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली. मे 1984 मध्ये पुन्हा पेटली. ती ठाणे-मुंबईपर्यंत गेली आणि अडीचशेहून जास्त माणसं मेली. मग डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993. श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने मुंबईत 900 माणसं मेली, आणि भिवंडी शांत राहिली.

याचं सोपं उत्तर आपल्याकडे तयार असतं : यंत्रमाग. सुताचा व्यापारी एका समाजाचा, मागवाला दुसऱ्या समाजाचा, धंद्यानं दोघांना बांधून ठेवलं. अहो, पण 1970 साली माग बंद होते का? 84 साली? धंदा तेव्हाही एकमेकांवरच चालत होता, तरी घरं जळली, मागही जळले.

खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले ते 1988 च्या सुमारास. शांतता समिती हा प्रकार तेव्हा नवा नव्हता. सण आला की पुढारी बोलवायचे, चहा द्यायचा, फोटो काढायचा, संपलं. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या, सुमारे 70. दोन्ही धर्मांची साधी माणसं, नियमित बैठक, आणि समोर त्या भागाचा पोलीस. दंगल नसतानाही बैठक व्हायची, आणि माझ्या मते सगळी किमया इथे आहे. आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 च्या आपल्या ग्रंथात भिवंडीचा दाखला घेतला तो दोन समाजांतल्या नागरी संबंधांचा म्हणून. मला ते अर्धंच पटतं. शेजारी एकमेकांना आधीही ओळखत होते. बदलला तो पोलीस.

1970 च्या दंगलीनंतर नेमलेल्या मादन आयोगाने तपास पथकाच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले होते. ज्या मोहल्ल्याला पोलीस म्हणजे दुसऱ्या बाजूचा माणूस वाटत होता, तिथे तोच पोलीस आता नेमाने समोर बसू लागला, त्याला नावानं प्रश्न विचारता येऊ लागले. अफवा आली की दगड उचलण्याआधी ज्याचा शब्द खरा मानावा असं कुणीतरी मिळालं. आपण याला ‘हिंदू-मुस्लिम एकोपा’ म्हणतो. मी त्याला पोलिसाला जाब विचारण्याची सोय म्हणेन.

आणि म्हणूनच जुलै 2006 बद्दल बोलावं लागतं. आपण बोलत नाही. कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधायचं ठरलं, वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. चौघांचेही संसार होते. या वेळी वाद हिंदू-मुसलमानांमधला नव्हता, मध्यस्थच पक्षकार झाला होता. जागा त्याला हवी होती आणि बंदूकही त्याच्याच हातात होती. अशा वेळी मोहल्ल्याने जायचं कुणाकडे?

आता इस्रायल-पॅलेस्टाईनकडे या. तिथे ‘पेरेंट्स सर्कल’ नावाची संघटना 1995 पासून आहे. दोन्हीकडची, मुलं-भावंडं गमावलेली घरं एकत्र बसतात. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे 1200 माणसं गेली, त्यानंतर गाझात हजारोंनी गेली, त्यात मुलं किती! तरी ही माणसं बसतात, ही लहान गोष्ट नाही. पण वेस्ट बँकच्या नाक्यावर उभा असलेला सैनिक तिथल्या पॅलेस्टिनी माणसाला उत्तर द्यायला बांधील नाही. त्याला पाठवणाऱ्या सरकारला मत द्यायचा किंवा पाडायचा हक्क त्या माणसाला नाही. रॉकेट सोडणारा तरी कुठे सीमेपलीकडच्या इस्रायली आईला उत्तर देतो? 1993 च्या सप्टेंबरात ओस्लो करारावर सह्या झाल्या त्या वरच्या माणसांच्या. खाली जाब विचारायची जागा झाली नाही, आणि वसाहती वाढतच राहिल्या. तिथे भिवंडीची समिती नेऊन ठेवायची म्हणजे 2006 च्या भिवंडीत नेऊन ठेवण्यासारखं आहे.

खोपड्यांच्या कामाचं मोल मी कमी करत नाही. पण त्या समित्यांना कायद्याचा आधार नव्हता. अधिकाऱ्याला वाटलं तर बैठक, बदली झाली की पुढच्याची मर्जी. तेव्हा सतरंजीवर बसलेली माणसं आज साठी-सत्तरी ओलांडून गेली असतील. त्यांच्यापैकी कुणी सभागृहात असतील, तर प्रश्नोत्तरांना आपण त्यांच्यापासूनच सुरुवात करू. पोलिसाला तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारलात, आणि त्याने काय उत्तर दिलं, एवढंच सांगा.