डोंगराचे वर्णन आणि डोंगराला आवाहन

लोकसंगीतातील निसर्गाचा विचार मराठी समीक्षेत प्रायः ‘निसर्गवर्णन’ या एकाच कोटीतून केला जातो. धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटाच्या रांगांत रुजलेल्या गोंधळाला ही कोटी लावली की हाती फारसे काही लागत नाही. संबळाच्या बोलांत कडेकपारी नाहीत. तुणतुण्याच्या एकुलत्या तारेत ओढ्याची खळखळ नाही. मग या संगीताला डोंगराचे भानच नाही, असे म्हणायचे काय?

येथे चिनी संगीताशी तुलना उद्बोधक ठरते. ‘शानशुई’, म्हणजे ‘डोंगर-पाणी’, ही तेथील चित्रकलेची संकल्पना संगीतालाही परकी नाही. ‘छिन’ या सात तारांच्या वाद्यावरील ‘उंच डोंगर’ आणि ‘वाहते पाणी’ या रचना १४२५ च्या एका स्वरलिपिसंग्रहात आढळतात. त्यांतील दुसरी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली. विसाव्या शतकात आकाराला आलेल्या चिनी वाद्यवृंदाने हाच वारसा अनेक वाद्यांच्या विस्तृत पटावर नेला. वर्णनाची कोटी इथे तरी चपखल बसावी, असे वाटते.

परंतु या रचनांमागील आख्यायिका निराळेच सुचवते. वादक बो या डोंगर मनात आणून वाजवतो आणि झोंग झची हा श्रोता तो अचूक ओळखतो. श्रोत्याच्या मृत्यूनंतर वादक तारा तोडून टाकतो. डोंगर केवळ स्वरांत असता तर तारा तोडण्याचे कारण नव्हते. तो त्या दोघांमधील ओळखीत होता.

गोंधळात ही ओळख वेगळ्या रीतीने घडते. तेथे डोंगर सुचवला जात नाही, दैवताच्या नावासह बोलावला जातो. अंगणात चौक मांडलेला, दिवटी पेटलेली. आणि तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा यांना एकामागून एक आवाहन. (कोल्हापूर हा यातील सपाटीवरचा अपवाद.) ग्रंथनिष्ठ समीक्षा या नामावळीला पुनरुक्ती मानून पुढे सरकते आणि कथानकापाशी थांबते. वस्तुतः गोंधळाचा भूगोल याच नामावळीत रचला जातो. दूरदूरची स्थाने एका अंगणात आणून बसवणे, हे तिचे कार्य आहे.

मग वर्णन का नाही? वर्णनाला अंतर लागते. तुळजापूरला डोंगरावर वसलेल्या गावात पोचल्यावर देवीकडे जाण्यासाठी पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. देऊळ डोंगराच्या कुशीत आहे. तेथे उभा असलेला भक्त डोंगर पाहत नाही, तो डोंगराच्या आत असतो. रा. चिं. ढेरे यांनी दैवतांचा शोध स्थळांच्या आणि विधींच्या आधारे घेतला; अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीताला स्वतंत्र शास्त्रविचार दिला. गोंधळाच्या समीक्षेला या दोन्ही वाटा एकत्र आणाव्या लागतील, कारण येथे स्थळ हाच संगीताचा आशय आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. गोंधळ अंगणातून रंगमंचावर येतो तेव्हा त्याला वेळेची मर्यादा पडते आणि नामावळीला पुनरुक्ती समजणारा संयोजक कात्री प्रथम तिलाच लावणार. संबळ तेवढ्याच जोमाने वाजेल, प्रेक्षक ठेक्याला दादही देतील. फक्त तुळजापूर, माहूर, जेजुरी यांपैकी कोणीही तेथे आलेले नसेल.