च चमच्याचा, पण कोणता?

भाचीच्या अंकलिपीत 'च चमच्याचा' आहे. तिने विचारलं, "मामा, मग 'चमचे'मधला शेवटचा च वेगळा का?" चित्रं झकास, पण एका अक्षराचे दोन उच्चार असतात हे त्या पुस्तकाच्या गावीच नाही. ('जग' म्हणजे दुनिया आणि 'जग की जरा!', म्हणून बघा.)

ऱ्हस्व-दीर्घाची तर बोंबच. 'मूल' शिकलेली पोर 'मूलाला' लिहिते, वर लाल रेघ. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांशी माझं भांडण नाही. हा नियम तर कानाला कळतो. 'फूल' लांबतं, 'फुलात' आखडतं. तिला मोठ्याने म्हणायला लावलं, तर 'पूल-पुलावर' तिनेच शोधलं. वहीत मात्र शेरा तोच: दहा वेळा लिही.